व्हिडिओची फ्रेम हव्या त्या मापाची: कस्टम साइज ठरवण्यापासून एक्स्पोर्टपर्यंत

एडिटिंगचं कुठलंही सॉफ्टवेअर उघडा, ते बहुधा १९२०×१०८० (पिक्सेलमध्ये रुंदी×उंची) ची टाइमलाइन समोर ठेवतं, आणि निम्म्याहून जास्त कामं त्यात भागतातही. प्रश्न उभा राहतो तो काम वेगळ्या मापाचं आलं की. स्टेजमागची लांबट एलईडी वॉल असेल, प्रवेशद्वाराशेजारचा उभा डिस्प्ले असेल, वेबसाइटच्या माथ्यावरची रुंद पट्टी असेल किंवा सिनेमाच्या रुंद चौकटीत केलेली शॉर्ट फिल्म असेल. मग रेझोल्यूशनच्या यादीत हवा तो आकडा सापडत नाही आणि नजर 'कस्टम' या पर्यायावर जाते.

तो पर्याय निवडून दोन आकडे टाकायला अर्धं मिनिट पुरतं. पण ते दोन आकडे आणायचे कुठून, शूट केलेल्या क्लिप त्या चौकटीत बसवायच्या कशा आणि शेवटी फाइल त्याच मापाची निघेल याची खात्री कशी करायची, हे कळलं नाही तर चेहरे फुगतात, कडेला काळ्या पट्ट्या येतात, नावाची शेवटची अक्षरं कापली जातात. म्हणून या लेखात मेनूपेक्षा हिशेबाला जास्त जागा दिली आहे. मेनूची नावं आवृत्तीगणिक थोडीफार बदलतात, हिशेब बदलत नाही.

एकाच प्रोजेक्टमध्ये तीन मापं

सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो, म्हणून आधी हे वेगळं करू.

पहिलं माप क्लिपचं, म्हणजे कॅमेऱ्याने किंवा फोनने रेकॉर्ड केलेलं. ते बदलत नाही. दुसरं माप टाइमलाइनचं (प्रीमियरच्या भाषेत सिक्वेन्स, फायनल कटच्या भाषेत प्रोजेक्ट). ही तुमची चौकट. एडिट करताना जे दिसतं ते या चौकटीतूनच. तिसरं माप एक्स्पोर्टचं, म्हणजे शेवटी तयार होणाऱ्या फाइलचं.

ही तिन्ही मापं एकमेकांपेक्षा वेगळी असू शकतात आणि सॉफ्टवेअर त्यांची आपापल्या पद्धतीने सांगड घालत राहतं. काळ्या पट्ट्या येतात त्या याच सांध्यांवर. क्लिप आणि टाइमलाइन यांचं गुणोत्तर जुळलं नाही की पहिल्या सांध्यावर येतात, टाइमलाइन आणि एक्स्पोर्ट यांचं जुळलं नाही की दुसऱ्यावर. पट्टी दिसली की आधी ती कोणत्या सांध्यावर आली आहे ते ओळखा. टाइमलाइनच्या प्रिव्ह्यूमध्येच दिसत असेल तर क्लिपचं स्केल (लहान-मोठं करायची टक्केवारी) सुधारायचं. प्रिव्ह्यू स्वच्छ असून फक्त फाइलमध्ये दिसत असेल तर एक्स्पोर्टची सेटिंग चुकली आहे.

कस्टम साइज म्हणताना आपण टाइमलाइनचं माप म्हणतो, आणि एक्स्पोर्ट त्याच मापाचा ठेवायचा असतो. फक्त एक्स्पोर्टच्या खिडकीत जाऊन माप बदलणं हा आडमार्ग आहे. तिथे सॉफ्टवेअर तयार चित्राला नव्या आकारात कोंबतं किंवा कापतं, आणि काय कापलं जातंय यावर तुमचा फारसा ताबा राहत नाही.

आकडा पडद्याकडून आणायचा

सॉफ्टवेअर उघडण्याआधी एक प्रश्न विचारायचा: हा व्हिडिओ नेमका कोणत्या पडद्यावर चालणार आहे आणि त्या पडद्यावर आडवे किती आणि उभे किती पिक्सेल आहेत? फूट आणि मीटर उपयोगाचे नाहीत, पिक्सेल हवेत.

एलईडी वॉलचं उदाहरण घेऊ, कारण कस्टम साइजची गरज सर्वात जास्त तिथेच पडते. वॉल छोट्या पॅनेलची म्हणजे कॅबिनेटची बनलेली असते. दोन शेजारच्या पिक्सेलच्या मध्यबिंदूंमधल्या अंतराला पिच म्हणतात आणि ते मिलिमीटरमध्ये सांगतात. ५०० बाय ५०० मिलिमीटरच्या, ३.९ पिचच्या कॅबिनेटमध्ये साधारणपणे १२८×१२८ पिक्सेल असतात. आता वॉल ६ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच असेल तर कॅबिनेट झाली आडवी १२ आणि उभी ६. म्हणजे रुंदी १२ गुणिले १२८, १५३६. उंची ६ गुणिले १२८, ७६८. तुमची फ्रेम १५३६×७६८.

इथे एक बारीक फसगत आहे. बरेच जण ६००० मिलिमीटरला थेट ३.९ ने भागतात आणि १५३८ काढतात. ३.९ हा बोलण्यातला गोळाबेरीज आकडा आहे. खरा पिच ५०० भागिले १२८, म्हणजे ३.९०६ च्या आसपास. दोन पिक्सेलचा फरक किरकोळ वाटतो, पण तेवढ्यासाठी वॉलचा प्रोसेसर (सिग्नल वॉलच्या पिक्सेलवर उतरवणारं यंत्र) अख्खं चित्र किंचित दाबतो आणि बारीक रेषा, छोटी अक्षरं धूसर होतात. म्हणून नेहमी कॅबिनेट मोजा आणि एका कॅबिनेटमधले पिक्सेल विचारा. वॉल चालवणाऱ्याकडे पिक्सेल मॅप, म्हणजे कोणत्या कॅबिनेटवर कोणते पिक्सेल त्याचा नकाशा, तयार असतो, तोच मागून घेतलेला सर्वात उत्तम.

त्याच्याशी बोलताना आणखी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या. त्याला नेमक्या मापाची स्वतंत्र फाइल हवी आहे, की १९२०×१०८० च्या फ्रेममध्ये वरच्या डाव्या कोपऱ्यात बसवलेलं १५३६×७६८ चं चित्र हवं आहे? काही ठिकाणी प्रोसेसरला फुल एचडी सिग्नल दिला जातो आणि त्यातला कोपऱ्यातला तुकडा वॉलवर जसाच्या तसा उतरतो. दोन्ही पद्धती चालतात, पण फाइल एका पद्धतीची आणि मांडणी दुसऱ्या पद्धतीची असेल तर ऐन वेळी धावपळ ठरलेली.

वॉल तुकड्यांची असेल, म्हणजे मधे मोठा भाग आणि दोन बाजूंना दोन उभे खांब, तर सगळ्यांची मिळून एक फ्रेम करता येते. मधला भाग १५३६×७६८ आणि प्रत्येक खांब २५६×७६८ असेल तर एकूण २०४८×७६८. अशा फ्रेममध्ये २५६ आणि १७९२ या आडव्या पिक्सेलवर गाइड मारून ठेवा आणि त्या रेषांवर चेहरा किंवा मजकूर येऊ देऊ नका, कारण तिथे प्रत्यक्षात मोकळी जागा आहे.

उभ्या डिस्प्लेसाठी माप बहुधा १०८०×१९२०. पण काही डिस्प्लेचा प्लेअर चित्र फिरवत नाही. आडवा टीव्हीच उभा टांगलेला असतो. तिथे फाइल १९२०×१०८० चीच लागते आणि आतलं चित्र ९० अंशांत वळवून द्यावं लागतं. डावीकडे वळवायचं की उजवीकडे, हेही विचारून ठेवा.

सोशल मीडियाची मापं ठरलेली आहेत, त्यात फार रेंगाळायचं कारण नाही: रील आणि शॉर्ट्ससाठी १०८०×१९२०, इन्स्टाग्रामच्या फीडमधल्या उभ्या पोस्टसाठी १०८०×१३५०, चौरसासाठी १०८०×१०८०. यांतली बरीच मापं सॉफ्टवेअरच्या प्रीसेटमध्ये, म्हणजे आधीच भरून ठेवलेल्या सेटिंगमध्येही सापडतात.

सिनेमागृहासाठी डिजिटल सिनेमाची स्वतःची मापं आहेत. टू-के मध्ये फ्लॅट (१.८५:१) १९९८×१०८० आणि स्कोप (त्याहून रुंद, २.३९:१) २०४८×८५८. फोर-के मध्ये हीच दुप्पट, ३९९६×२१६० आणि ४०९६×१७१६. इथे मनाने आकडा काढायचा नाही.

गुणोत्तरावरून आकडा काढताना

कधीकधी पिक्सेल मिळत नाहीत, फक्त गुणोत्तर मिळतं. समजा शॉर्ट फिल्म ऑनलाइन टाकायची आहे आणि चौकट २.३९:१ हवी आहे. रुंदी १९२० धरली तर उंची १९२० भागिले २.३९, म्हणजे ८०३.३. हा आकडा तसाच टाकता येत नाही. ८०३ सुद्धा टाकू नका, ८०४ टाका.

कारण असं. आपण रोज वापरतो त्या बहुतेक व्हिडिओ फाइल ४:२:० पद्धतीने रंग साठवतात. दोन बाय दोन पिक्सेलच्या प्रत्येक चौकोनात प्रकाशाची माहिती चारही पिक्सेलची वेगवेगळी असते, पण रंगाची माहिती चौघांत मिळून एकच. रुंदी किंवा उंची विषम असली की शेवटी अर्धा चौकोन उरतो. मग काही सॉफ्टवेअर एक्स्पोर्टच नाकारतात, काही न सांगता एक पिक्सेल वाढवतात किंवा कमी करतात. म्हणून दोन्ही आकडे सम असणं हा पाळायचाच नियम.

जमलं तर ४ ने, त्याहून चांगलं म्हणजे १६ ने भाग जाणारे आकडे घ्या. एच.२६४ हा नेहमीचा कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) चित्राचे १६ बाय १६ पिक्सेलचे तुकडे करून काम करतो. १०८० ला १६ ने पूर्ण भाग जात नाही. म्हणून फुल एचडी फाइलमध्ये प्रत्यक्षात १०८८ ओळी साठवल्या जातात आणि खालच्या ८ ओळी दाखवू नयेत अशी नोंद केली जाते. चांगले प्लेअर ती नोंद पाळतात, त्यामुळे १६ चा हट्ट धरायची गरज नाही. मात्र हॅप कोडेक मागितला असेल, जो मोठ्या इव्हेंटच्या मीडिया सर्व्हरवर वापरतात, तर दोन्ही आकड्यांना ४ ने भाग जायलाच हवा, कारण तो ४ बाय ४ च्या तुकड्यांवर चालतो.

वरची मर्यादाही ध्यानात ठेवा. एच.२६४ च्या फाइल पुष्कळ उपकरणांवर ४०९६ पिक्सेल रुंदीपर्यंतच हार्डवेअरवर सुरळीत चालतात. ५१२० किंवा ७६८० रुंदीची लांबच लांब वॉल असेल तर एच.२६५, प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर यांपैकी काय चालतं ते विचारा.

पिक्सेल चौकोनी ठेवा

माप टाकायच्या खिडकीत पिक्सेल अ‍ॅस्पेक्ट रेशो नावाचा एक पर्याय असतो. तिथे 'स्क्वेअर पिक्सेल्स' किंवा १.० असायला हवं. जुन्या टेपच्या काळात पिक्सेल रुंद किंवा अरुंद धरले जायचे: पाल डीव्हीची फ्रेम ७२०×५७६ ची, तरी ती ४:३ दिसायची, एचडीव्हीची फ्रेम १४४०×१०८० ची, पण दाखवताना पिक्सेल १.३३ पट रुंद धरल्याने चित्र १६:९ व्हायचं. आजच्या पडद्यांचे पिक्सेल चौकोनी आहेत. जुना प्रीसेट उघडून त्यात कस्टम आकडे टाकले की हा जुना रेशो कधीकधी मागे राहून जातो, आणि आकडे बरोबर असूनही वर्तुळ लंबगोल दिसतं. आकडे बरोबर आणि आकार चुकीचा असं दिसलं की पहिली शंका इथे घ्यायची.

आता सॉफ्टवेअरमध्ये

प्रीमियर प्रो: 'फाइल', 'न्यू', 'सिक्वेन्स' असं जा. समोर प्रीसेटची यादी येईल, ती सोडून 'सेटिंग्ज' टॅबवर जा. 'एडिटिंग मोड' मध्ये 'कस्टम' निवडा. तो निवडल्याशिवाय फ्रेम साइजसारख्या काही चौकटी बदलता येत नाहीत. फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) क्लिपशी जुळवा, फ्रेम साइजमध्ये १५३६ आणि ७६८ टाका, पिक्सेल चौकोनी ठेवा, फील्ड्समध्ये 'नो फील्ड्स' म्हणजे प्रोग्रेसिव्ह (प्रत्येक फ्रेम एकसंध) ठेवा. हेच माप पुन्हा लागणार असेल तर 'सेव्ह प्रीसेट' करून नावातच माप लिहा. मग पहिली क्लिप टाइमलाइनवर ओढली की सिक्वेन्स आणि क्लिप जुळत नाहीत अशी सूचना येते. तिथे 'कीप एक्झिस्टिंग सेटिंग्ज' निवडायचं. घाईत दुसरं बटण दाबलं तर तुमचं माप पुसून सिक्वेन्स क्लिपच्या मापाचा होतो. आधीच तयार असलेल्या सिक्वेन्सचं माप बदलायचं असेल तर 'सिक्वेन्स' मेनूत 'सिक्वेन्स सेटिंग्ज'.

दाविंची रिझॉल्व्ह: खाली उजव्या कोपऱ्यातल्या गिअरच्या चिन्हावर क्लिक करा, किंवा शिफ्ट आणि ९ दाबा. 'मास्टर सेटिंग्ज' मध्ये 'टाइमलाइन रेझोल्यूशन' ला 'कस्टम' करा आणि खालच्या दोन चौकटी भरा. इथे फ्रेम रेटही आत्ताच ठरवा. टाइमलाइन तयार झाली की रेझोल्यूशन कधीही बदलता येतं, फ्रेम रेट मात्र अडकून बसतो. एकाच प्रोजेक्टमध्ये वेगवेगळ्या मापांच्या टाइमलाइन हव्या असतील तर नवीन टाइमलाइन तयार करताना 'यूज प्रोजेक्ट सेटिंग्ज' वरची खूण काढा. वर 'फॉरमॅट' टॅब येतो, त्यात या एकाच टाइमलाइनचं माप देता येतं. वॉलची, रीलची आणि यूट्यूबची आवृत्ती एकाच ठिकाणी ठेवायला याच्यासारखी सोय नाही. मोफत आवृत्तीत ३८४०×२१६० च्या पलीकडचं एक्स्पोर्ट होत नाही, हे मोठ्या वॉलचं काम घेण्याआधी माहीत असावं.

फायनल कट प्रो: नवीन प्रोजेक्ट करताना 'यूज कस्टम सेटिंग्ज' वर क्लिक करा, 'व्हिडिओ' च्या यादीतून 'कस्टम' निवडा, आकडे टाका. पुढे माप बदलायचं झालं तर प्रोजेक्ट निवडून इन्स्पेक्टरमध्ये 'मॉडिफाय'. इथेही क्लिप टाकल्यानंतर फ्रेम रेट बदलता येत नाही.

केडेनलाइव्हमध्ये आधी प्रोफाइल करावं लागतं. 'सेटिंग्ज' मेनूतून प्रोजेक्ट प्रोफाइल व्यवस्थापनाची खिडकी उघडा, नवीन प्रोफाइल घ्या, माप आणि फ्रेम रेट भरा, पिक्सेलचं गुणोत्तर १:१ ठेवा आणि डिस्प्लेच्या गुणोत्तरात रुंदी-उंचीचं खरं गुणोत्तर टाका. आपल्या उदाहरणात २:१. नंतर प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये ते प्रोफाइल निवडा. शॉटकटमध्ये 'सेटिंग्ज', 'व्हिडिओ मोड', 'कस्टम', 'अ‍ॅड'. तिथेही गुणोत्तराच्या चौकटीत १६:९ तसंच राहिलेलं नाही ना ते बघा. शॉटकटमध्ये व्हिडिओ मोड 'ऑटोमॅटिक' असेल तर पहिली क्लिप स्वतःचं माप लादते, म्हणून क्लिप आणण्याआधी मोड ठरवा.

आफ्टर इफेक्ट्समध्ये कंपोझिशन सेटिंग्जमध्ये आकडे टाकताना 'लॉक अ‍ॅस्पेक्ट रेशो' ची खूण आधी काढा, नाहीतर रुंदी टाकली की उंची आपोआप बदलते. फोनवरच्या बहुतेक अ‍ॅपमध्ये नेमके पिक्सेल टाकायची सोय नसते, गुणोत्तरांची यादी असते. यादीत तुमचं गुणोत्तर नसेल तर ते काम संगणकावरच करा.

क्लिप चौकटीत बसवणं

खरं कौशल्य इथे लागतं. माप टाकणं ही नोंद आहे. या टप्प्यावर चित्र घडतं किंवा बिघडतं.

१९२०×१०८० ची क्लिप १५३६×७६८ च्या चौकटीत आणली की चार गोष्टी होऊ शकतात.

पहिली: पूर्ण चित्र मावेल इतकं लहान करणं, म्हणजे फिट. उंची ७६८ वर आणायला स्केल ७१.१ टक्के लागतं, रुंदी होते १३६५, आणि दोन्ही बाजूंना सुमारे ८५ पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या राहतात. दुसरी: चौकट पूर्ण भरेल इतकं मोठं ठेवणं, म्हणजे फिल. स्केल ८० टक्के, रुंदी बरोबर १५३६, उंची ८६४. म्हणजे वर ४८ आणि खाली ४८ पिक्सेल कापले जातात. तिसरी: ताणणं. आडवं ८० टक्के आणि उभं ७१.१ टक्के, परिणामी प्रत्येक चेहरा १२.५ टक्के जास्त रुंद. ही तिसरी वाट घेऊ नका. प्रेक्षकाला काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण काहीतरी चुकलंय हे जाणवतं, आणि समोर दिसणारा माणूस स्वतःला बघत असेल तर त्याला नक्कीच जाणवतं. चौथी: स्केल १०० टक्केच ठेवून मधला तुकडा दाखवणं. यात डाव्या-उजव्या बाजूने १९२ आणि वर-खाली १५६ पिक्सेल चौकटीबाहेर जातात.

हिशेबाची रीत सोपी आहे. चौकटीची रुंदी भागिले क्लिपची रुंदी काढा, चौकटीची उंची भागिले क्लिपची उंची काढा. मोठं उत्तर म्हणजे फिलचं स्केल, लहान उत्तर म्हणजे फिटचं.

प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये यासाठी सोय आहे. रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्ट सेटिंग्जच्या 'इमेज स्केलिंग' मध्ये न जुळणाऱ्या रेझोल्यूशनच्या फाइलसाठी हेच चार पर्याय एका यादीत मिळतात. फिलसाठी 'स्केल फुल फ्रेम विथ क्रॉप' निवडा. फायनल कटमध्ये क्लिप निवडून इन्स्पेक्टरमध्ये 'स्पेशियल कन्फॉर्म': फिट, फिल किंवा नन. प्रीमियरमध्ये क्लिपवर उजवं क्लिक केल्यावर मिळणाऱ्या पर्यायांपैकी 'सेट टू फ्रेम साइज' वापरा. 'स्केल टू फ्रेम साइज' हा दुसरा पर्याय क्लिपला टाइमलाइनच्या मापात उतरवून त्यालाच १०० टक्के म्हणतो. मग फोर-के क्लिपमध्ये पुढे झूम केलं तर मूळचे जास्तीचे पिक्सेल हाती लागत नाहीत. 'सेट' मध्ये फक्त स्केलचा आकडा बदलतो, मूळ चित्र शाबूत राहतं. नव्या आवृत्तीत शब्द वेगळे दिसले तर क्लिप लावल्यावर स्केलचा आकडा बदलला की १०० च राहिला, एवढं बघितलं तरी कोणता पर्याय लागला ते कळतं.

आडव्या शूटचा उभा व्हिडिओ करायचा असेल तर आकडे फार कठोर होतात. १९२०×१०८० ची क्लिप १०८०×१९२० च्या चौकटीत भरायला स्केल १७७.८ टक्के लागतं. मूळच्या १९२० पिक्सेलपैकी जेमतेम ६०७ पिक्सेलची उभी चीर दिसते, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, आणि तीही पावणेदोन पट मोठी केलेली. चित्र मऊ पडतंच. तीच क्लिप ३८४०×२१६० मध्ये शूट केलेली असेल तर स्केल ८८.९ टक्क्यांवर भागतं आणि एकही पिक्सेल फुगवावा लागत नाही. कापलेला भाग तेवढाच असतो, पण धार टिकते. आडवा आणि उभा दोन्ही व्हिडिओ लागणार हे आधी माहीत असेल तर फोर-के मध्ये शूट करण्याचा खरा फायदा हाच.

कापताना नेहमी मधलाच भाग ठेवायचा नसतो. बोलणाऱ्या माणसाच्या शॉटमध्ये डोक्यावरची मोकळी जागा आधी कापा, हनुवटीखाली हात घालू नका. १५३६×७६८ च्या उदाहरणात वर-खाली मिळून ९६ पिक्सेल जाणारच आहेत. वरून ८० आणि खालून १६ जावेत असं क्लिपची उभी पोझिशन सरकवून ठरवता येतं. असा निर्णय प्रत्येक शॉटला वेगळा घ्यावा लागतो. प्रीमियरमधलं 'ऑटो रीफ्रेम' (चौकट आपोआप सरकवणारी सोय) सुरुवातीला मदत करतं, पण एका फ्रेममध्ये दोन माणसं असली की कोणाला धरायचं हे त्याला उमजत नाही. तिथे की-फ्रेम (कोणत्या क्षणी क्लिप कुठे असावी याच्या खुणा) हातानेच लावा, आणि सरकणं शक्य तितकं कमी ठेवा. चौकट सतत हलत राहिली तर बघणाऱ्याचं डोकं दुखतं.

कापणं अशक्यच असेल, उदाहरणार्थ मूळ चित्रात कडेपर्यंत मजकूर असेल, तर फिट करा आणि मागे त्याच क्लिपची फिल केलेली, धूसर आणि जरा गडद केलेली प्रत ठेवा. हा उपाय सरसकट वापरला की कंटाळवाणा होतो. नाइलाज असेल तिथेच ठेवावा.

फोनवरच्या क्लिपबद्दल एक सूचना. उभं धरून घेतलेला व्हिडिओ फाइलमध्ये बऱ्याचदा आडवाच साठवलेला असतो, सोबत 'दाखवताना फिरवा' अशी नोंद असते. क्लिप टाइमलाइनवर आडवी पडलेली दिसली तर ती नोंद वाचली गेलेली नाही. ९० अंश फिरवा आणि स्केलचा हिशेब नव्याने करा.

रुंद चौकट की काळ्या पट्ट्या

सिनेमासारखी रुंद चौकट दोन प्रकारे मिळते: १९२०×८०४ ची खरी फ्रेम, किंवा १९२०×१०८० च्या फ्रेममध्ये वर-खाली काळ्या पट्ट्या. ऑनलाइन टाकायचं असेल तर माझं मत ठामपणे पहिल्या बाजूचं आहे. यूट्यूबचा प्लेअर कुठल्याही गुणोत्तराला आपणहून जुळवून घेतो, पट्टी लागेल तिथे स्वतः आणतो. पट्ट्या चित्रातच भाजून ठेवल्या तर २०:९ च्या फोनवर वर-खाली तुमच्या पट्ट्या, डाव्या-उजव्या बाजूला प्लेअरच्या पट्ट्या, आणि मधे चारही बाजूंनी आक्रसलेला सिनेमा असं दिसतं. अपवाद एकच: समोरच्याने १९२०×१०८० चीच फाइल मागितली असेल, जसं टीव्हीसाठी मागतात, तर पट्ट्यांशिवाय गत्यंतर नाही.

अर्ध्या कामात माप बदललं तर

असं होतं. वॉलचं माप आयत्या वेळी बदलतं, किंवा तयार व्हिडिओचा रील करून मागतात. आधी टाइमलाइनची प्रत करा आणि बदल प्रतीमध्ये करा. नंतर या क्रमाने बघत जा.

टायटल आधी, कारण नुकसान तिथे सर्वात जास्त दिसतं. देवनागरीत अक्षराच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार असतात. चौकट बुटकी झाली की इंग्रजी अक्षरांना पुरणारी उंची आपल्याला कमी पडते. २५६०×१२८ सारख्या लांब पट्टीवर दोन ओळी बसवायचा मोह टाळा. रील असेल तर खालच्या भागात आणि उजव्या कडेला अ‍ॅपची बटणं व मजकूर येतो, तिथे नाव ठेवू नका.

मग अ‍ॅडजस्टमेंट लेयर, म्हणजे खालच्या सगळ्या क्लिपवर एकदम इफेक्ट लावणारा पारदर्शक थर. प्रीमियरमध्ये तो तयार करतानाच्या मापाचा राहतो. १९२०×१०८० चा लेयर १०८०×१९२० च्या फ्रेममध्ये नेला की रंगाचा परिणाम मधल्या आडव्या पट्ट्यापुरताच लागतो आणि वर-खाली मूळ रंग उघडे पडतात. नवा लेयर करून त्यावर इफेक्ट चिकटवा. कलर मॅटचंही (एकाच रंगाच्या कोऱ्या क्लिपचंही) तेच. नेस्ट किंवा कंपाउंड केलेल्या, म्हणजे एकत्र बांधून एकच केलेल्या क्लिप आतून जुन्याच मापाच्या राहू शकतात. त्या उघडून आतलं मापही बदला. शेवटी पोझिशनचे की-फ्रेम, कारण काही ठिकाणी जागा पिक्सेलमध्ये नोंदलेली असते आणि माप बदललं की लोगो चौकटीबाहेर निघून जातो.

एक्स्पोर्ट

प्रीमियरमध्ये फ्रेम साइजपुढची 'मॅच सोर्स' ची खूण असू द्या. सोर्स म्हणजे तुमचा सिक्वेन्स, त्यामुळे माप तेच येतं. तयार प्रीसेट घेतला, समजा '१०८०पी' चा, तर तो १९२०×१०८० लादतो आणि पट्ट्या परत येतात. रिझॉल्व्हच्या 'डिलिव्हर' पानावर रेझोल्यूशन टाइमलाइनचंच आहे ना ते बघा, नसेल तर 'कस्टम' करून आकडे पुन्हा टाका. कोडेकची यादीही सांभाळून निवडा: डीएनएक्सएचडी फुल एचडीसारख्या ठरावीक मापांतच चालतो, कस्टम मापासाठी डीएनएक्सएचआर घ्यायचा.

बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा, पिक्सेलच्या प्रमाणात लावा. यूट्यूब १०८०पी साठी २४ ते ३० फ्रेमला ८ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) सुचवतं. १५३६×७६८ मध्ये पिक्सेल फुल एचडीच्या साधारण ५७ टक्के आहेत, म्हणजे त्याच दर्जासाठी साडेचार-पाच एमबीपीएस पुरेल. पण वॉलवर फाइल थेट चालणार असेल आणि अपलोडचा प्रश्न नसेल तर १५ ते २० द्या. मोठ्या पडद्यावर गडद भागातले ठोकळे लगेच दिसतात.

पूर्ण फाइल देण्याआधी

एक चाचणी फ्रेम तयार करा. तुमच्याच मापाच्या टाइमलाइनमध्ये काळ्या पार्श्वभूमीवर चारही कडांना अगदी टोकाला एक पिक्सेल जाडीची पांढरी रेघ, मधोमध एक वर्तुळ, कोपऱ्यांत १ ते ४ आकडे आणि मधे माप लिहिलेलं. त्याची दहा सेकंदांची फाइल काढून ती प्रत्यक्ष पडद्यावर चालवून घ्या. एखादी कड दिसली नाही तर त्या बाजूने चित्र कापलं जातंय. वर्तुळ लंबगोल दिसलं तर कुठेतरी ताणलं जातंय. कडेची रेघ धूसर किंवा दोन पिक्सेलांत विभागलेली दिसली तर मधे कुणीतरी चित्र लहान-मोठं करतंय, आणि तुमचा आकडा पडद्याच्या आकड्याशी जुळलेला नाही. आकडे उलटसुलट दिसले तर वॉलची जोडणीच फिरली आहे. ते वॉलवाल्याने बघायचं.

पूर्ण व्हिडिओ तयार झाल्यावर फाइल मीडियाइन्फो या फाइलचे तपशील दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. रुंदी, उंची आणि डिस्प्लेचं गुणोत्तर या तीन ओळी वाचा. १५३६, ७६८ आणि २:१ दिसलं की फाइलच्या नावात माप घाला आणि पाठवा. त्याच नावाने प्रोजेक्टचा प्रीसेटही जपून ठेवा. तीच वॉल पुढच्या वेळी कॅबिनेटची एक उभी रांग जास्त लावून उभी राहिली तर रुंदीत फक्त १२८ वाढवायचे आहेत.